गप्प बसलेल्या माणसांना ग्रंथालय जोडतं कसं?

सार्वजनिक ग्रंथालयाचा विषय निघाला की 'सांस्कृतिक केंद्र', 'समाजाला जोडणारा दुवा' हे शब्द हटकून येतात. उद्घाटनाच्या भाषणांचं तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. प्रत्यक्ष वाचनकक्षात डोकावलं तर दिसतं काय? एकजण वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलाय, कोपऱ्यात दोघी परीक्षेची तयारी करतायत, एक आजोबा मासिक उघडं ठेवून डुलक्या काढतायत. कोणी कोणाशी अवाक्षर बोलत नाही. चुकून बोललंच, तर काउंटरवरून डोळे वटारले जातात. मग इथे कोण कोणाला जोडतंय?

प्रश्न खवचट वाटला तरी रास्त आहे, आणि उत्तर जरा उलट्या बाजूने येतं. ग्रंथालयात कोणाशी बोलायची सक्ती नसते, म्हणूनच तिथे एरवी कधीही एका छपराखाली न येणारी माणसं येतात. बोलणं ही पुढची पायरी. ती आपोआप येत नाही, कोणाला तरी तिची जुळवाजुळव करावी लागते. या दोन पायऱ्यांची गल्लत झाली की ग्रंथालयाबद्दल एकतर फार गोड बोललं जातं, नाहीतर 'आता पुस्तकं वाचतं कोण' म्हणून त्याला मोडीत काढलं जातं.

तिसरी जागा आणि कमी तीव्रतेची जागा

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. पहिली जागा घर, दुसरी कामाची, आणि तिसरी म्हणजे जिथे माणूस सहज जाऊन बसतो, ओळखीपाळखीच्या लोकांत रमतो ती. त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कॅफे, केशकर्तनालयं, छोटी दुकानं, मद्यगृहं होती. ग्रंथालयांविषयी लिहिणाऱ्यांनी पुढे ही कल्पना उचलली आणि सरसकट चिकटवून टाकली. मला ती तितकीशी बसत नाही असं वाटतं. ओल्डेनबर्ग यांच्या तिसऱ्या जागेत गप्पा हेच मुख्य काम असतं, आणि ग्रंथालयात गप्पा मारल्या तर उठवलं जातं. शिवाय कॅफेत बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं. तास-दोन तास रिकाम्या कपासमोर बसणाऱ्याकडे वेटर कसा बघतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यापेक्षा नॉर्वेतले ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक राग्नार आउडुनसन यांची २००५ मधली मांडणी जास्त कामाची आहे. ते जागांचे दोन प्रकार करतात. काही जागा उच्च तीव्रतेच्या: आपली नोकरी, आपला पक्ष, आपलं प्रार्थनास्थळ, आपला छंद जिथे जोपासला जातो ते मंडळ. तिथे आपण जीव ओतून वावरतो, आणि भेटणारी माणसं बहुतेक आपल्यासारखीच असतात. दुसऱ्या जागा कमी तीव्रतेच्या. तिथे आपण स्वतःचं फारसं काही पणाला लावत नाही, पण आपल्याहून वेगळ्या माणसांचं असणं, त्यांच्या आवडीनिवडी, त्यांच्या चिंता नजरेसमोरून जात राहतात. वेगवेगळ्या भाषांची, धर्मांची माणसं जिथे एकत्र राहतात, तिथे या दुसऱ्या प्रकारच्या जागा लागतात, आणि सार्वजनिक ग्रंथालय ही त्यांतली ठळक जागा, असं त्यांचं म्हणणं.

नुसतं नजरेसमोरून गेल्याने काय होतं? एकदम मोठं काहीच होत नाही. समजा, वस्तीत नव्याने आलेल्या एखाद्या समाजाबद्दल तुम्हाला जे काही माहीत आहे ते बातम्यांतून आणि फोनवर फिरणाऱ्या संदेशांतून आलेलं आहे. मग बालविभागात त्या समाजातला एक बाप मांडी घालून मुलीला डायनासोरचं पुस्तक वाचून दाखवताना दिसतो, आणि तुमच्या मुलाला नेमकं तेच पुस्तक हवं असतं. दोन मुलांची ओढाताण, दोन पालकांचं कसनुसं हसणं, 'तुमचं झालं की द्या' एवढंच बोलणं. पुढच्या आठवड्यात तोच बाप पुन्हा दिसतो. डोक्यातल्या ठोकळेबाज चित्राला असा लहानसा टवका उडतो, आणि कोणीही तुम्हाला 'बंधुभाव बाळगा' असं सांगायला आलेलं नसतं.

आता दुसरी पायरी. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर लिहिताना एक गोष्ट स्पष्ट केली होती. दोन गटांतली माणसं नुसती समोरासमोर आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत, कधीकधी वाढतातसुद्धा. संपर्क उपयोगी ठरायला चार गोष्टी लागतात: त्या प्रसंगापुरता तरी दोघांचा दर्जा समान हवा, दोघांचं उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि संस्थेचा किंवा कायद्याचा त्याला पाठिंबा हवा. ही यादी ग्रंथालयाला लावून पाहा. दर्जा समान आहे: कार्ड सगळ्यांचं सारखं, रांग एकच, मुदत तेवढीच. डॉक्टरीणबाईंना पंधरा दिवस आणि मजुराला सात, असा भेद नाही. संस्थेचा पाठिंबाही आहे. पण सामायिक उद्दिष्ट आणि एकमेकांची मदत? ती शांत वाचनकक्षात मुळीच नसते. म्हणून कार्यक्रम लागतात. 'ग्रंथालयाने कार्यक्रम कशाला करायचे, पुस्तकं द्यावीत की' असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं व्हावं.

कार्यक्रम म्हणजे समारंभ नव्हे

कार्यक्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, हार, प्रमुख पाहुणे येतात. समोर रांगेत बसलेली माणसं शेजारच्याशी बोलत नाहीत, टाळ्या वाजवून घरी जातात. त्याने ज्ञानात भर पडत असेल, ओळखी होत नाहीत.

जगभरच्या ग्रंथालयांत चालणारा एक साधा उपक्रम बघा: भाषेचा गप्पागट. आठ-दहा खुर्च्या गोलात. परमुलखातून आलेले लोक आणि स्थानिक भाषा बोलणारे एक-दोन स्वयंसेवक, बहुधा निवृत्त झालेले. विषय अगदी घरगुती: डॉक्टरांकडे वेळ मागायला फोन कसा करायचा, शाळेतून आलेली चिठ्ठी कशी वाचायची, घरमालकाला नळ गळतोय हे कसं सांगायचं. व्याकरण चुकलं तर कोणी गुण कापत नाही. जी शिकायला आली तिला भाषा मिळते, हे उघड आहे. पण त्या निवृत्त बाईंनाही आठवड्यातून एकदा कोणीतरी आपली वाट पाहतंय ही जाणीव मिळते, आणि आपल्या गावात कोणकोण राहतं हे पहिल्यांदाच नीट कळतं. ऑलपोर्ट यांच्या चारही अटी त्या गोलातल्या खुर्च्यांवर बसलेल्या असतात.

कॅनडातल्या टोरांटोच्या ग्रंथालयांत नव्याने देशात आलेल्यांना मार्गदर्शन करणारे समाजसेवक बसतात. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात तर इतक्या भाषा बोलल्या जातात की तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७७ मध्येच नव्या स्थलांतरितांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. तो अजून चालू आहे. हेलसिंकीतल्या 'ओडी' ग्रंथालयात शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर आणि संगीताचे स्टुडिओ आहेत. शिवणयंत्राचं ग्रंथालयात काय काम, असं वाटू शकतं. पण यंत्र वापरायला येणारा माणूस पुन्हा पुन्हा येतो, शेजारी बसलेल्याला 'दोरा कसा ओवला?' असं विचारतो. अडलेला दोरा हे उत्तम सामायिक उद्दिष्ट आहे.

कोपनहेगनच्या काही तरुणांनी २००० साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड संगीत महोत्सवात 'मानवी ग्रंथालय' भरवलं. तिथे 'पुस्तक' म्हणजे माणूस: ज्याच्याबद्दल समाजात काही ना काही शिक्का मारला गेलेला आहे असा. वाचकाने त्याला थोडा वेळ उसना घ्यायचा आणि एरवी जे विचारायला जीभ रेटत नाही ते विचारायचं. कल्पना भन्नाट आहे, आणि ती आता अनेक देशांत पोहोचली आहे. तरी मला विचाराल तर शिवणयंत्र जास्त भरवशाचं. अर्ध्या तासाचा उत्कट संवाद लक्षात राहतो, पण दर बुधवारी भेटणाऱ्या माणसाशी संबंध जुळतो.

दार मोफत नव्हतं, ते करावं लागलं

ग्रंथालय सर्वांसाठी खुलं असतं हे आज इतकं साहजिक वाटतं की ते कधी नव्हतं हे विसरायला होतं. पूर्वी बहुतेक ठिकाणी पुस्तकं राजाची, मठाची, विद्यापीठाची किंवा वर्गणी भरणाऱ्या सभासदांची होती. ब्रिटनमध्ये १८५० साली विल्यम युअर्ट यांच्या खटपटीने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तेव्हा संसदेत चांगलाच विरोध झाला. कर्नल सिबथॉर्प नावाच्या खासदाराने तर आपल्याला मुळात वाचायलाच आवडत नाही, असं सांगून टाकलं. निदान प्रामाणिकपणा तरी होता. कायदा झाला, पण त्यात एक मासलेवाईक तरतूद होती. गावाने करातून उभा केलेला पैसा इमारतीला आणि नोकरांना वापरायचा, पुस्तकांना नाही. म्हणजे ग्रंथालय बांधा, ग्रंथ कोणीतरी दान देईल. पुस्तकं विकत घ्यायची मुभा १८५५ च्या दुरुस्तीत मिळाली.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी हीच गोष्ट राज्याच्या पातळीवर केली. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि शहरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी उभी केली. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. त्याच काळात अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयं बांधली जात होती. त्यांची अट मोठी हिशेबी होती. इमारत मी देतो, पण जागा गावाने द्यायची आणि बांधकामाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने खर्चाला काढायची. दानशूराच्या मर्जीवर ग्रंथालय टिकत नाही, ते गावाच्या अंदाजपत्रकात यावं लागतं, हे त्या पोलादसम्राटाला पक्कं कळलं होतं.

याहून कमी बोललं जाणारं, पण माझ्या मते तितकंच महत्त्वाचं स्थित्यंतर म्हणजे मुक्तद्वार पद्धत. आधी पुस्तकं काउंटरमागे कुलपात असत. वाचकाने यादीतून नाव शोधायचं, चिठ्ठी लिहायची, कारकून आत जाऊन पुस्तक आणणार. ज्याला यादी वाचता येते, नाव उच्चारता येतं, आणि कारकुनापुढे उभं राहायचा धीर आहे, त्याचंच ते काम. लंडनच्या क्लर्कनवेल भागातल्या ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी १८९४ मध्ये वाचकांना थेट कपाटापर्यंत जाऊ दिलं. लोक पुस्तकं चोरतील, मांडणी विस्कटेल, अशी ओरड झाली. ज्याला आपली निवड दुसऱ्याला सांगायची लाज वाटते, किंवा ज्याची भाषाच तोकडी आहे, त्याला मात्र कोणाला काही न विचारता हवं ते उचलता आलं. आजाराबद्दल, घटस्फोटाबद्दल, स्वतःच्या मनातल्या शंकांबद्दल वाचायचं असेल तर ही मुभा किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको.

आणि दार 'सार्वजनिक' असूनही काही जणांसाठी बंदच होतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण एकेक करून ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने सभासद व्हायचंय असं सांगितलं, प्रत्येकाला नकार मिळाला. मग प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक काढलं आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून निमूटपणे वाचायला सुरुवात केली. पोलीस आले आणि वाचत बसलेल्या माणसांना गैरवर्तनाबद्दल अटक झाली. हा बेत आखणारे वकील सॅम्युअल टकर यांना पुढच्या वर्षी उत्तर मिळालं ते असं: गावाने कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळं छोटं ग्रंथालय बांधून दिलं. टकर यांनी त्याचं कार्ड घ्यायला साफ नकार दिला. त्यांचं भांडण पुस्तकांपुरतं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. त्यांना त्याच टेबलावर बसायचं होतं.

श्रीलंकेत जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय १९८१ मध्ये मे महिन्याच्या अखेरच्या रात्री जाळलं गेलं. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि ताडपत्रं गेली. तमिळ समाजाला ती आग पुस्तकांना लागलेली वाटली नाही, स्वतःला लागलेली वाटली. एखादी जागा समाजाच्या किती आतपर्यंत गेलेली आहे हे तिच्या शत्रूंनाही कळतं.

कपाटावरचा आकडाही काही सांगतो

ग्रंथालयात शिरताना कोणी तुमचा धर्म विचारत नाही. पण कपाटं विचारतात, असं म्हटलं तर? अमेरिकी ग्रंथपाल मेल्व्हिल ड्युई यांची, पुस्तकांना विषयवार आकडे देणारी दशांश वर्गीकरण पद्धत १८७६ ची. जगभर ती वापरली जाते आणि पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा बहुधा तिचाच असतो. धर्माला तिने २०० ते २९९ हे आकडे दिले. त्यांतले २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माकडे गेले. उरलेले सगळे धर्म २९० च्या घरात दाटीवाटीने: बौद्ध, हिंदू, ज्यू, इस्लाम, सगळे दशांशचिन्हापुढे आकडे लावत लावत. यामागे कट नव्हता. एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहासाठी बेतलेली ती मांडणी होती, आणि पुढच्या आवृत्त्यांत तिच्यात दुरुस्त्या होत आल्या. पण ज्याच्या धर्माची सगळी पुस्तकं एका आकड्यात कोंबली आहेत त्या वाचकाला, आपण इथे पाहुणे आहोत, हे न सांगता कळतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आणली, आणि त्याआधी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री. त्यातली दोन सूत्रं इथे लागू पडतात: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. पहिलं सूत्र वाचायला गोड आहे, अमलात आणायला महाकठीण. 'प्रत्येक' म्हणजे ज्याला अक्षरओळख नाही तोही, ज्याला दिसत नाही तोही, आणि ज्याची भाषा गावात फक्त चाळीस घरांत बोलली जाते तोही.

या चाळीस घरांवरून एक वाद नेहमी होतो. परभाषेतली पुस्तकं, वर्तमानपत्रं ठेवली तर ती माणसं आपल्याच कोषात राहतील, स्थानिक भाषा शिकणार नाहीत, असा आक्षेप असतो. मला तो उलटा वाटतो. ज्या दारात आपल्या भाषेतलं काहीच नाही त्या दारात माणूस पाऊलच ठेवत नाही. आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचायला म्हणून तो आत येतो, आणि आत आला तरच भिंतीवरची गप्पागटाची चिठ्ठी त्याला दिसते. आक्षेपात तथ्य असेलच तर ते मांडणीबद्दल आहे. ती पुस्तकं मागच्या जिन्याखाली स्वतंत्र कोंडली तर खरोखरच कोष तयार होतो. सिंगापूरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या चारही राजभाषांतली पुस्तकं एकाच इमारतीत असतात, आणि बालविभागात एका भाषेचं पुस्तक शोधताना दुसरीची चित्रं दिसतच राहतात.

सीमारेषेवरचं वाचनालय

दोन समाजांच्या मध्ये ग्रंथालय उभं असतं असं आपण म्हणतो. एका ठिकाणी ते शब्दशः खरं आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं डर्बी लाइन आणि कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातलं स्टॅन्स्टेड, ही दोन गावं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या हॅस्केल कुटुंबाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम सीमेवरच ग्रंथालय आणि वर नाट्यगृह बांधलं, दोन्हीकडच्या लोकांना सारखं वापरता यावं म्हणून. वाचनकक्षाच्या जमिनीवर एक काळी रेघ ओढलेली आहे. ती आंतरराष्ट्रीय सीमा. मुख्य दार अमेरिकेत, पुस्तकांची बहुतेक कपाटं कॅनडात. वरच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या बहुतेक खुर्च्या एका देशात आणि रंगमंच दुसऱ्या देशात. एकही पुस्तक नसलेलं अमेरिकेतलं एकमेव ग्रंथालय, असा विनोद तिथे चालतो.

वर्षानुवर्षं कॅनडातली माणसं पदपथावरून चालत येत, अमेरिकेच्या हद्दीतल्या दारातून आत शिरत आणि वाचून परत जात. पारपत्र दाखवायची गरज नसे. २०१७ मध्ये अमेरिकेने काही देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली, तेव्हा या खोलीला एक वेगळंच महत्त्व आलं. अमेरिकेत शिकणारी इराणी मुलं देशाबाहेर पडली तर परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि त्यांच्या आईवडिलांना अमेरिकेत येता येत नव्हतं. आईवडील कॅनडाचा व्हिसा काढून येत, मूल अमेरिकेच्या बाजूने येई, आणि पुस्तकांच्या कपाटांमध्ये त्यांची गाठ पडे. ग्रंथालयाने याची जाहिरात कधी केली नाही, उलट या गर्दीने त्यांची अडचणच झाली. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने कॅनडाच्या बाजूने मुख्य दाराकडे असं मोकळेपणी चालत येण्यावर निर्बंध आणले, आणि कॅनडाच्या हद्दीतलं, एरवी बंद असणारं दार वापरात आणायची वेळ आली.

मोफत म्हणजे सोपं, असं नाही

सभासदत्वाचा अर्ज कधी बारकाईने वाचलाय? नाव, वय, पत्ता. पत्त्याचा पुरावा जोडा. ज्याचं घर भाड्याचं आणि भाडेकरार तोंडी, जो चार महिन्यांपूर्वी गावात आलाय, जी नवऱ्याचं घर सोडून मैत्रिणीकडे राहतेय, जो रस्त्यावरच झोपतो, या सगळ्यांचं नाव त्या एका ओळीपाशी गळतं. त्यापुढे अनामत रक्कम, सध्याच्या सभासदाची शिफारस. यातली एकही अट कोणाला बाहेर ठेवायला घातलेली नसते, पुस्तकं परत यावीत एवढाच हेतू असतो. पण ग्रंथालयाची ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच बाहेर राहतात.

उशिरा परत केल्याच्या दंडाचंही तेच. ज्याला परवडतं तो दंड भरून मोकळा होतो. ज्याला परवडत नाही तो पुस्तकही आणत नाही आणि पुन्हा तोंडही दाखवत नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये हा दंड रद्द केला. पुस्तकं परत येणार नाहीत ही भीती फोल ठरली, वर्षानुवर्षं घरात लपवलेली पुस्तकं लोक घेऊन आले, आणि बरोबर ते लोकही परत आले.

आत आलेल्या सगळ्यांचं एकमेकांशी पटतं, असंही नाही. अभ्यास करणाऱ्यांना सुईपडी शांतता हवी, लहान मुलांना धावायचं असतं, वृद्धांना पेपरावर चर्चा करायची असते. बेघर माणूस थंडीत ऊब शोधत येतो, आणि त्याच्या शेजारी बसायला लोक कुरकुरतात. अनेक ठिकाणी परीक्षार्थी सकाळीच सगळ्या खुर्च्या अडवतात आणि बाकीचं गाव हळूहळू यायचंच बंद होतं. सर्वांना सामावून घेणं म्हणजे ही भांडणं रोज सोडवत बसणं. ओडीमध्ये ती मजल्यांनी सोडवली आहेत: तळमजल्यावर वर्दळ, मधल्या मजल्यावर यंत्रं आणि स्टुडिओ, वर पुस्तकं आणि शांतता. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने २००९ मध्ये चक्क एक समाजसेविका नेमली, कारण ग्रंथपालाला वर्गीकरण येतं, पण रात्रीचा निवारा शोधून देण्याचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नसतं. लहान ग्रंथालयाला ना मजले परवडतात ना समाजसेविका. तिथे वेळ वाटून घेतात: सकाळी मुलांची गोष्ट, दुपारी अभ्यास, संध्याकाळी गप्पा. वेळापत्रक दारावर मोठ्या अक्षरात लावलं की निम्मी भांडणं कमी होतात.

गाव दुभंगतं तेव्हा

एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ च्या शिकागोतल्या उष्णतेच्या लाटेचा अभ्यास केला. त्या लाटेत सातशेहून जास्त माणसं दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. शेजारशेजारच्या दोन वस्त्या, दोन्ही सारख्याच गरीब, पण एकीत मृत्यू फार आणि दुसरीत कमी. जिथे माणसांना घराबाहेर पडायला, एकमेकांना दिसायला जागा होत्या, तिथे एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही तर कोणाच्या तरी लक्षात आलं. अशा जागांना ते सामाजिक पायाभूत सुविधा म्हणतात, आणि पुढच्या लेखनात त्यांनी ग्रंथालयांना त्यात वरचं स्थान दिलं. जलवाहिनीइतकीच ती लागते, फक्त फुटल्यावर रस्त्यावर पाणी दिसत नाही.

मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात २०१४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेला आणि गाव पेटलं. शाळा बंद झाल्या. गावचं ग्रंथालय लहानसं, मनुष्यबळ तुटपुंजं, पण दार उघडं राहिलं. शिक्षक आणि स्वयंसेवक तिथे मुलांना शिकवायला जमले. ग्रंथालयाने कोणाची बाजू घेतल्याचं जाहीर केलं नाही आणि 'आम्ही तटस्थ आहोत' असा फलक लावून कुलूपही घातलं नाही. येईल त्याला बसायला जागा दिली. देशभरातून देणग्या आल्या, पुढच्या वर्षी पुरस्कारही मिळाला. पण हे आधी वर्षानुवर्षं लोकांच्या पायाखालचं दार असल्यामुळेच त्या आठवड्यात लोक तिकडे वळले. दंगल झाल्यावर घाईने उघडलेल्या सलोखा केंद्रात कोण जातं?

पैशाची कात्री लागली की सर्वांत आधी या दारावर चालते, हेही तितकंच खरं. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या दशकात काटकसरीच्या धोरणापायी जवळपास ८०० ग्रंथालयं बंद झाली. डेन्मार्कसारख्या देशांत कर्मचारी नसतानाही कार्डाने दार उघडून आत जाता येतं. वेळ वाढते म्हणून ही सोय चांगलीच, पण तिचा वापर ग्रंथपाल कमी करण्यासाठी झाला तर पहिली पायरी उरते आणि दुसरी निखळते. माणसं शेजारी बसतील, पण 'तुम्हाला त्यांच्याशी बोलायला आवडेल' असं सांगणारं मध्ये कोणी नसेल.

यश मोजायचं कसं, हा शेवटचा गुंता. किती पुस्तकं गेली-आली, किती सभासद, किती पावलं दारातून आत आली, हे मोजायला सोपं आहे म्हणून तेच मोजलं जातं. वैविध्य त्यात दिसत नाही. एकाच गल्लीतले दोनशे वाचक दहा वेळा आले तरी आकडा दोन हजारच भरतो. ज्यांना खरोखर बघायचं आहे ते ग्रंथपाल गावाचा नकाशा घेतात आणि सभासदांचे पत्ते त्यावर टिंबांनी मांडतात. मग एखादी वस्ती कोरी दिसते. तिथे जाऊन विचारलं की बरेचदा कारण अगदी साधं निघतं: कामावरून सुटायची वेळ सात, आणि ग्रंथालय सहाला बंद होतं.